दास्य आणि अधःपतन : दूरचित्रवाणीवरील रोम

प्राचीन रोमवरील दूरचित्रवाणी-मालिका भ्रष्टाचार आणि गुलामगिरी यांना एकाच नैतिक सूत्रात ओवतात : सत्ताधारी अधःपतित झाले, म्हणून गुलामांचे हाल झाले. हे सूत्र सोयीचे आहे. परंतु भ्रष्टाचार म्हणजे व्यवस्थेतील बिघाड. गुलामगिरी हीच रोमची व्यवस्था होती. एकीला दुसऱ्याचे लक्षण मानले की क्रूर स्वामी तेवढा दोषी ठरतो आणि स्वामित्व निर्दोष सुटते.

रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या बीबीसीच्या 'आय, क्लॉडियस' (१९७६) या मालिकेत नार्सिसस आणि पॅलास या मुक्तदासांचे दरबारी वर्चस्व ऱ्हासाचे चिन्ह म्हणून येते. ही तक्रार मुळात टॅसिटसची, म्हणजे गुलाम बाळगणाऱ्या सेनेटर-वर्गाची. आजचा प्रेक्षक नकळत त्याच वर्गाच्या डोळ्यांनी पाहू लागतो. कालच्या गुलामाने अधिकार गाजवावा, हाच त्याला भ्रष्टाचार वाटतो.

'रोम' (२००५–०७) ही मालिका अधिक सावध आहे. सीझरचा गुलाम पोस्का तीत स्वामीइतकाच चतुर आहे आणि दास्य रोजच्या घरकामासारखे सहज वावरते. तरीही टायटस पुलो आयरीनीच्या प्रियकराला, एका गुलामाला, ठार मारतो तेव्हा कथानक वळते ते मारेकऱ्याच्या पश्चात्तापाकडे. पुढे आयरीनी त्याचीच पत्नी होते. मृत गुलाम कोणाच्या फारसा स्मरणात उरत नाही. रोमन दृष्टीचे हे यथातथ्य दर्शन असेलही, पण त्या दृष्टीपासून मालिकेने अंतर राखल्याचे जाणवत नाही.

इ. स. ६१ मध्ये नगरपाल पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. अशा वेळी घरातील सर्व गुलामांना देहदंड द्यावा अशी जुनी प्रथा होती. येथे ते ४०० होते. बहुतेक निरपराध आहेत हे सेनेटला ठाऊक होते. तरी गायस कासियस या मान्यवर विधिज्ञाने प्रथेच्या बाजूने युक्तिवाद केला आणि तो मान्य झाला. कोणी लाच घेतली नाही, कायदा कोणी वाकवला नाही. खलनायकाच्या शोधात निघालेल्या कथानकाला या प्रसंगात बोट दाखवायला कोणी सापडणार नाही. मुक्तदासांचा तिटकारा करणाऱ्या टॅसिटसनेच ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. लोक दगड आणि पलिते घेऊन विरोधाला उभे राहिले, तेव्हा नीरोने वधस्थळाच्या वाटेवर दुतर्फा सैनिक ठेवून शिक्षा अमलात आणली.