कोणता कोंबडा राखावा?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत ज्या घरीं पांच-दहा कोंबड्या नाहींत असें घर विरळाच. कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरधनीण तिच्याखालीं दहा-बारा अंडीं ठेवून तिला बसविते. एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर येतात, आणि त्यांपैकीं सुमारें निम्मे नर निघतात. घार, बोका व मुंगूस आपापला वांटा उचलतात. उरलेलीं पिलें मोठीं होतां होतां पांचव्या-सहाव्या महिन्यांत एके सकाळीं घरधन्यास दिसून येतें कीं, परसांत तीन-चार तरणे कोंबडे झाले असून प्रत्येक जण उकिरड्याचा आपापला कोपरा धरून आरवत आहे. यांतला एकच राखावयाचा. कोणता?

असल्या क्षुल्लक प्रश्नास मंडळीच्या पत्रांत जागा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु यरुशलेमेविषयीं शोक करितांना ज्यानें पिलांस पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला, आणि ज्याच्या शब्दाप्रमाणें एका कोंबड्याच्या आरवण्यानें पेत्राचें हृदय फुटलें, त्यानें परसदार हें कांहीं आपल्या लक्षाबाहेरचें मानिलें नाहीं. शिवाय या बाबतींत आम्ही स्वतः एकदां चुकलों आहों, व ती चूक नेमकी कोठें होती हें समजण्यास आम्हांस बरेच दिवस लागले. म्हणून लिहितों.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, निवड टाळतां येत नाहीं. आठ-दहा कोंबड्यांस एक नर पुरतो. (याकोबानें एसावाचा राग शांत करण्यासाठीं जीं जनावरें पुढें पाठविलीं त्यांत दोनशें शेळ्यांबरोबर वीस बोकड, व दोनशें मेंढ्यांबरोबर वीस मेंढे होते, म्हणजे दहांस एक. कळप राखणाऱ्यांचें हें गणित फार जुनें आहे.) सहा कोंबड्यांत चार कोंबडे राहूं दिले तर ते आपसांत झुंजतात, कोंबड्यांच्या पाठीवरचीं पिसें उपटून त्यांस उघड्या करितात, खुराड्याचें स्वास्थ्य जातें आणि दाणाहि सरतो. दयेपोटीं सर्वांस राखावें असें ज्यास वाटतें त्यानें असलें परस एकदां पाहावें. त्याच्या दयेची किंमत कोंबड्या देत असतात.

शिवाय ही निवड दिसते त्याहून मोठी आहे. पिलाला अर्धा वारसा आईचा व अर्धा बापाचा. एका कोंबडींत खोड असली तर ती तिच्याच पिलांत उतरेल. पण कोंबड्याची खोड परसांतल्या एकूणएक पिलांत उतरूं शकते. कोणता कापावा हा एका जेवणाचा प्रश्न आहे. कोणता राखावा हा येणाऱ्या कित्येक वर्षांचा.

मग लोक निवडतात कसे? बहुधा दोन-अडीच महिन्यांचीं पिलें असतांनाच जो इतरांहून उंच, ज्याचा तुरा लवकर तांबडा झाला, त्यावर धनी बोट ठेवितो, आणि पुढें त्याचा आवाज वेशीपर्यंत जाऊं लागला म्हणजे आपल्या पारखेवर खूष होतो. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरीं गेला तेव्हां थोरल्या अलीयाबास पाहतांच त्याच्याहि मनाला असेंच वाटलें, व देवानें त्यास थांबविलें. मग आमच्यासारख्यांची काय कथा! बाहेरचें पाहूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. पाय सरळ, पायांचीं बोटें न वळलेलीं, छातीचें हाड नीट, डोळे तेजस्वी, चोंच बरोबर मिटणारी, हें सर्व पाहिलेंच पाहिजे. व्यंग असलेला नर राखणें हा पुढच्या पिलांवर अन्याय आहे. पण हें चाळणीचें काम झालें. चाळणींतून जे उरतात त्यांची परीक्षा एका दृष्टिक्षेपांत होत नाहीं. तिला आठ-पंधरा सकाळी बसावें लागतें.

दाणे टाकून बाजेवर बसावें आणि पाहावें. एक कोंबडा दाणा दिसतांच मान खालीं घालून आपलें पोट भरूं लागतो. दुसरा दाणा चोंचींत धरितो, खालीं टाकितो, पुन्हा उचलितो, आणि लगबगीनें कुक्‌कुक् करून कोंबड्यांस बोलावितो. त्या येऊन तो दाणा खातात व हा तसाच उभा राहतो. असा कोंबडा अंगानें बहुधा थोडा हलकाच असतो, व तो कां हलका आहे हें पाहणाऱ्यासच कळतें. (खरें तें सर्व सांगावयाचें तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, कधीं कधीं हाच पठ्ठ्या चोंचींत काडी किंवा खडा धरूनहि तोच आवाज काढितो, आणि कोंबडी धांवत येऊन फसते. ज्याची ही संवय होते त्याच्या हाकेकडे कोंबड्या पुढें लक्ष देईनाशा होतात.) आकाशांत घार दिसली म्हणजे बारीक, लांब किंकाळी, आणि कुत्रें किंवा मुंगूस आलें म्हणजे तुटक, मोठा कलकलाट, असे दोन निराळे इशारे चांगला कोंबडा देतो, पहिल्यानें कोंबड्या झुडपाखालीं दडतात, दुसऱ्यानें माना ताठ करून चोहोंकडे पाहूं लागतात. जो इशारा न देतां स्वतःच आधीं पळतो तोहि याच वेळीं ओळखूं येतो.

राहिला स्वभाव. माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगावर जाणारा कोंबडा कितीहि देखणा असला तरी राखूं नये, कारण ही खोडहि कांहीं अंशीं पिलांत उतरते. पण ती पांच-सहा महिन्यांच्या आंत कळत नाहीं. वयांत आला म्हणजे कालचा गरीब आज पायाच्या कांट्यानें मारूं लागतो. म्हणूनच घाईची निवड फसते. नॉर्वे देशांतील थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत कोंबड्यांच्या कळपांत कोणीं कोणास टोंचावें याची एक ठराविक उतरंड असते असें दाखविलें. त्या उतरंडींत सर्वांच्या वर असणें निराळें, आणि कळपाच्या उपयोगी पडणें निराळें.

आतां आमची गोष्ट. कांहीं वर्षांमागें आमच्या परसांत तीन तरणे कोंबडे उरले होते. एक लालभडक, दोन किलोंच्या वर भरणारा. घरीं येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बोट दाखवी. पण हा आमच्या कुटुंबाच्या पदरावर झडप घाली, आणि पाणी भरावयास येणाऱ्या शेजारच्या मुलीला त्यानें दोनदां रडविलें होतें. दुसरा राखी रंगाचा, अंगानें हलका. दाणे वांटणारा तोच. तिसरा मध्यम, तो पाहुण्यांच्या कामीं आला. आम्हीं राखी ठेविला. लालला कोंबड्यांच्या झुंजी लावणारा एक मनुष्य चांगली किंमत देत होता. परंतु जनावरांस झुंजविणें हा १९६० सालच्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आम्हीं तो दिला नसता. त्याला नाहीं म्हटल्याचें आम्हांस मोठें समाधान वाटलें. त्या समाधानामुळेंच पुढची चूक सोपी झाली असें आतां वाटतें.

सुगीच्या उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला होता. त्या दिवशीं ज्वारीचीं कणसें, भोपळे, अंडीं, कोंबड्या वेदीपुढें आणाव्या व उपासनेनंतर त्यांचा लिलाव करावा, ही पुष्कळ मंडळ्यांतली रीत वाचकांस ठाऊक आहे. आम्हीं लाल कोंबडा नेला. त्याला त्या दिवसांतली सर्वांत मोठी बोली लागली, व पाळकांनीं आमच्या उदारतेचा उल्लेख केला. आम्हीं मान खालीं घातली. लोकांस तो नम्रपणा वाटला.

बोली दिली होती गांवकुसाजवळ राहणाऱ्या एका विधवा आजीनें. तिच्याजवळ चार कोंबड्या होत्या, नर नव्हता. तीन आठवड्यांनीं त्या कोंबड्यानें तिच्या नातवाच्या भुवईवर कांटा मारिला. डोळा बोटभर अंतरानें वांचला. आजी आमच्या दारीं आली ती तक्रार घेऊन नव्हे. ती म्हणाली, "मास्तर, देवाच्या दारचा कोंबडा, त्याला कापूं कसा? तुम्हीच सांगा."

त्या रात्रीं शास्त्र उघडून बसलों असतां पहिला प्रश्न मनांत आला तो हा कीं, चांगला स्वतःला ठेवून दुसरा देवाला दिला, हाच दोष काय? आंधळें, लंगडें व रोगी जनावर वेदीवर आणणाऱ्यांची मलाखी संदेष्ट्यानें कशी कानउघाडणी केली आहे हें वाचकांस ठाऊक आहे. परंतु आमचा कोंबडा आंधळा नव्हता कीं लंगडा नव्हता. दहा माणसांनीं त्यालाच उत्तम म्हटलें असतें. आणि कळपाचा बाप चांगला राखणें हें पाप ठरलें, तर परसांतला वाण दरसाल खालावेल व पुढच्या सुगीचें अर्पणहि खालावेल. लेवीय पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत दशांशाचा एक नियम आहे. गुरांमेंढरांपैकीं काठीखालून जाणारें दर दहावें जनावर परमेश्वराचें. तें चांगलें कीं वाईट याचा शोध करूं नये व त्याची अदलाबदल करूं नये. पहिल्यानें वाचणारास हा नियम चमत्कारिक वाटतो. शोधून शोधून उत्तम तेंच द्या, असें येथें कां म्हटलें नाहीं? आमची समजूत अशी आहे कीं, मेंढपाळाच्या हातून निवडच काढून घेण्याचा हा उपाय होता. स्वतःला नकोसें झालेलें जनावर निवडणारा मनुष्य किती लवकर उत्तम ठरवूं शकतो, हें नियम देणाऱ्यास ठाऊक होतें.

तेव्हां दोष राखी ठेवण्यांत नव्हता. लालविषयीं दोन गोष्टी खऱ्या होत्या: एक सर्वांस दिसत होती, दुसरी आम्हांसच ठाऊक होती. पहिली आम्हीं वेदीपुढें नेली व दुसरी गिळून टाकिली. घरांतली पीडा दाराबाहेर घालविली, आणि तिला दान हें नांव दिलें.

आमच्या एका उपदेशक बंधूनें आमची समजूत घातली कीं, कोंबडा म्हटला म्हणजे अंगावर यावयाचाच. घेणाऱ्यानें पाहून घ्यावें. बाजारांत आपल्या जनावराची खोड कोण सांगतो? बाजाराचा हा न्याय आम्हांस बाजारांतहि फारसा पटत नाहीं. पण येथें तो मुळींच लागत नाहीं. बाजारांत घेणारा पारखून घेतो. वेदीपुढून आलेली वस्तु तो पारखीत नाहीं, कारण तिच्यावर दुसऱ्या कोणाचा शिक्का आहे असें तो समजतो. आजीनें कोंबड्याकडे पाहून बोली वाढविली नव्हती. चोंचींत काडी धरून हाक मारणाऱ्या कोंबड्याची त्या रात्रीं आम्हांस आठवण झाली, व ती फार झोंबली.

करावयाचें काय होतें? सोपें होतें. तो कोंबडा घरींच कापून खावयाचा होता, आणि सुगीला अंडीं किंवा त्याच्या किंमतीचे पैसे न्यावयाचे होते. कापण्यांत निर्दयता नाहीं. ती असते पाय बांधून, सायकलीला उलटा लोंबकळवून, उन्हांत अर्धा दिवस बाजारभर फिरविण्यांत. नीतिमान् मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो असें शास्त्र सांगतें, व जो जीव संध्याकाळीं जाणार त्याचीहि सकाळ त्यांत आली.

येथें एक गोष्ट मध्येंच सांगून ठेवितों, कारण तसें बोलणें आमच्या कानीं आलें आहे. एक राखावा, बाकीचे जाऊं द्यावे, हा नियम खुराड्यापुरता आहे. एका मुलाला शाळेंत घालून त्याच्या बहिणीस शेळ्यांमागें पाठविणारा बाप जेव्हां "सगळींच कशीं राखतां येतील?" म्हणतो, तेव्हां तो माणसांविषयीं कोंबड्यांच्या भाषेंत बोलत असतो.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आजीच्या घरीं गेलों व जें ठाऊक होतें तें सर्व सांगितलें. वेदीपुढें ठेविल्यानें कोंबड्याचा स्वभाव पालटत नाहीं व त्याचें मांसहि पालटत नाहीं, असें म्हणून तो कापावयास लाविला. बोलीचे पैसे मंडळीचे झाले होते, म्हणून तेवढेच आमच्या पदरचे तिच्यापुढें ठेविले. तिनें ते घेण्यास दोन दिवस लाविले. तिची एक कोंबडी खुडूक होती. तिच्याखालीं आमच्या घरचीं नऊ अंडीं ठेविलीं. त्यांतून निघालेला राखीचा एक मुलगा पुढें तिच्या कोंबड्यांस लाभला. आमच्याकडच्या तलंगा मात्र राखीच्याच मुली निघाल्या, आणि बाप-लेक व भाऊ-बहीण यांच्या जोडीनें वाण दुबळा होतो. म्हणून आम्हीं पलीकडच्या गांवच्या एका बंधूशीं कोंबड्याची अदलाबदल केली. त्यानें विचारिलें, "याची कांहीं खोड?" आम्हीं सांगितलें कीं, पहाटे तीनलाच आरवूं लागतो. तो हंसला व घेऊन गेला.

गेल्या सुगीला आजीनें स्वतः एक तरणा कोंबडा आणिला होता. लिलाव पुकारणाऱ्यानें त्याला वर उचलून त्याच्या तुऱ्याची वाखाणणी सुरू करितांच ती बाकावरून उठून उभी राहिली, व सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणाली, "बाबा, हा कोंबड्यांचा दाणा पळवितो. राखायला नेऊं नका, हंडीला न्या." बोली थोडी कमी लागली.