लहान गाडीचा अभिमान

सिग्नलला शेजारी ३५० सीसीची बुलेट थांबते. माझ्या १०० सीसीच्या गाडीकडे पाहून तरुण हसतो, “काका, सायकल जरा बाजूला घ्या!”

मला लाज वाटत नाही. डोक्यावर हप्ता नाही, पेट्रोल कमी लागते, मुलांची फी वेळेवर जाते. होंडाची चिमुकली सुपर कब १९५८ साली निघाली. २०१७ पर्यंत अशा १० कोटी गाड्या तयार झाल्या. लहान गाडीनेही जगाची कामे केली आहेत.

पण मित्रांनो, इथेच मन फसवते. “तो उधळ्या, मी शहाणा,” असे म्हटले की माझी गाडी लहानच राहते, गर्व मात्र त्याच्याएवढाच होतो. पुढच्या सिग्नलला त्याच्या बुलेटचे मनापासून कौतुक करता आले, तर समजावे, आपला अभिमान खरा आहे.