चूक लपवू न देणारे धनुष्य

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राजवटीच्या १९व्या वर्षी कोरलेल्या या लेखात आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याला तिने अद्वितीय धनुर्धर म्हटले आहे आणि पराक्रमात त्याला राम-अर्जुनांच्या पंक्तीला बसवले आहे. त्याचे धनुष्य कशाचे होते, केवढे होते, याविषयी लेखात अवाक्षर नाही. महाभारतातही द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून एकलव्याचे धनुष्य मागितले नाही, अंगठा मागितला. विद्या शस्त्रात नसते, शरीरात मुरलेली असते, हे त्या काळाला पक्के ठाऊक होते. आज जगभर अनेक तिरंदाजांना जुन्या रिकर्व्ह धनुष्यांची जी ओढ वाटते, तिचे मूळ मला याच जाणिवेत दिसते. ही ओढ जुनेपणाची नाही. चुकीचे खापर फोडायला हे धनुष्य दुसरी जागाच ठेवत नाही, म्हणून ते हवेसे वाटते.

रिकर्व्हची टोके तिरंदाजापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात. दोरी चढवली की ती टोकांपाशी पात्यांना टेकून राहते आणि ओढताना हळूहळू सुटत जाते. त्यामुळे आखूड धनुष्यातही भरपूर शक्ती साठते आणि ओढ शेवटी एकदम जड होत नाही. ही युक्ती फार जुनी आहे. मध्य आशियातून मोगलांपर्यंत आलेल्या धनुष्यांत लाकडाच्या गाभ्याला पोटाशी शिंग आणि पाठीवर जनावरांचे स्नायू सरसाने चिकटवलेले असत. दमट हवेत सरस मऊ पडे. आपल्याकडे पोलादी धनुष्येही घडवली गेली, त्याचे एक कारण हे होते. १९५०च्या दशकात अमेरिकी कारागिरांनी मेपलच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी फायबरग्लासचा थर देऊन ही अडचण दूर केली. पुढची वीसेक वर्षे लाकूडकामाचा अव्वल नमुना ठरावीत अशी धनुष्ये बनली. १९६९मध्ये अमेरिकेत कंपाउंड धनुष्याला पेटंट मिळाले, आणि तंत्राचा ओघ बदलला.

कंपाउंडमध्ये टोकांवरच्या कॅम नावाच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की भाराचा मोठा भाग उतरतो. तिरंदाज स्थिर राहून भिंगातून नेम धरतो. रिकर्व्हमध्ये उलट, पूर्ण ओढीच्या क्षणीच भार सर्वांत जास्त असतो. ऑलिंपिकच्या आधुनिक रिकर्व्हला निदान साइट असते, डोल आवरायला स्टॅबिलायझर असतो आणि ओढ पुरी झाल्याचे सांगणारा क्लिकर असतो. साध्या जुन्या धनुष्यावर यातले काहीच नसते. ओढ अर्धा इंच कमी पडली की बाण खाली लागतो. सोडताना बोटे दोरीवर रेंगाळली की तो बाजूला जातो. मूठ घट्ट आवळली की धनुष्य पिळते आणि तेही लक्ष्यावर उमटते. म्हणजे प्रत्येक बाण नेमबाजाच्या शरीराविषयी काहीतरी सांगतो, आणि ते वाचायला शिकणे हाच या छंदाचा खरा आनंद आहे.

यावर कोणी विचारील, मग यंत्राची मदत घेणाऱ्यांचे कौशल्य खोटे का? मुळीच नाही. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५०पैकी १५० गुण मिळवले. अशी अचूकता वर्षानुवर्षांच्या तपाशिवाय येत नाही. फरक हेतूचा आहे. तिथे चुकीला वाव उरू नये म्हणून साधन घडवले जाते. इथे चूक स्पष्ट दिसावी म्हणून साधन साधे ठेवले जाते. पहिल्याने पदके मिळतात, दुसऱ्याने स्वतःची ओळख पटते. समाजाला दोन्हींची गरज आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवणच्या आदिवासींना तीरकामठा परका नाही, तिथे परदेशी जुन्या धनुष्यांचे कौतुक हा सुखवस्तूंचा शौक नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. भिल्लांच्या धनुष्याला दोरीदेखील बांबूच्या पातळ पट्टीची असते. साधन त्याहून साधे होणे कठीण, आणि नेमाची सारी जबाबदारी तिथेही माणसावरच पडते. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्यासाठी ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकार आहे. पण बरेच जण त्याकडे महागडे रिकर्व्ह परवडेपर्यंतची पायरी म्हणूनच पाहतात. जुन्या रिकर्व्हचे मोल ज्याला खरेच कळले, त्याने आपल्याच डोंगरातल्या बांबूला दुय्यम मानणे हा ढोंगीपणा ठरेल.

उरतो प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो हलका नाही. पन्नास वर्षांच्या धनुष्याचा थर सुटलेला असू शकतो, पाती पिळलेली किंवा टोक तडकलेले असू शकते. अशा धनुष्यावर न ताणणारी आधुनिक दोरी लावू नये, डेक्रॉनचीच लावावी. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये, आणि काम झाले की दोरी उतरवून ठेवावी. ही काळजी घेणे हा शिक्षणाचाच भाग आहे. म्हणून नाशिकच्या तिरंदाजी प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: नव्या मुलांच्या हाती साइट आणि क्लिकर देण्याआधी काही महिने साधे धनुष्य द्या, मग ते जुन्या लाकडाचे असो वा बांबूचे. आधी त्यांना स्वतःची चूक ओळखू द्या. गुण मोजायला पुढे आयुष्य पडले आहे.