तिसरा आकडा

गोव्यातील ज्या रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत आम्ही काम करतो, तेथे दिवसाचा आरंभ रुग्णाच्या रक्ताने होत नाही, कंट्रोलने होतो. कंट्रोल म्हणजे ज्यात साखर, युरिया, पोटॅशियम किती असावे हे आधीच ठाऊक आहे असा रक्तद्रव. यंत्राने त्याचा आकडा ठरल्या मर्यादेत दिला तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवावयाचा. हे आकडे रोज आलेखावर मांडण्याची रीत लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली सुचविली. ती अद्याप चालू आहे.

मौज अशी की, मर्यादा दोन प्रमाण विचलनांची धरली, तर यंत्र निर्दोष असूनही वीसांतून एखादे वेळी कंट्रोल बाहेर पडावयाचाच. म्हणून तो पुन्हा लावून पाहण्याची चाल पडली, आणि येथेच मन घसरते.

एका पहाटे पोटॅशियमचा कंट्रोल वर गेला. पुन्हा लावला, पुन्हा वरच. केवळ योगायोगाने लागोपाठ दोनदा असे घडणे हजारांतून एकदाही कठीण, हे आम्ही जाणत होतो. वॉर्डातून फोनवर फोन येत होते. तिसऱ्या खेपेस कंट्रोल मर्यादेच्या अगदी काठाशी, पण आत आला. आम्ही तेवढाच आकडा वहीत लिहिला आणि अहवाल सोडले. दुपारी यंत्र वर सरकल्याचे सिद्ध झाले. अहवाल मागे घ्यावे लागले.

आम्ही खोटे लिहिले काय? तिसरा आकडा यंत्रानेच दिला होता, त्यात आम्ही दशांशाचाही फरक केला नव्हता. असत्य होते ते निवडीत. माणूस शंकित असला तर बोलताना अडखळतो, ऐकणारा सावध होतो. छापील आकडा अडखळत नाही. डॉक्टर त्याच्यावर विसंबून औषध देतो, आणि पोटॅशियमचा संबंध थेट हृदयाच्या ठोक्यांशी.

उलट बाजूही खरी आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याला आमच्या सचोटीसाठी ताटकळत ठेवणे, हे कोणते पुण्य? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडलेले नाही. एवढेच की आता तिन्ही आकडे लिहितो, आणि फोन आपण होऊन करतो.

परवाच केला. "कंट्रोल बसत नाही, नमुना दुसऱ्या यंत्रावर लावतो, वेळ लागेल," म्हणालो. पलीकडून काहीतरी त्रासिक ऐकू आले आणि फोन बंद झाला. आम्ही नमुना उचलला.