घेणे आणि न घेणे

मार्गशीर्षातली गोष्ट सांगतो. चंपाषष्ठी होऊन चार-दोन दिवस झाले होते. सायंकाळचा हरिपाठ आटोपून आम्ही मंडळी एरंडोलास आमच्या मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. इतक्यात एक सायकलस्वार आवारात आला. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना फुगीर पिशव्या, त्यांवर गुंडाळलेला तंबू, दांडीला पाण्याच्या बाटल्या. वय तिशीच्या आतबाहेर. त्याने पायातले काढले, देवाला हात जोडले आणि म्हणाला, "महाराज, एका कोपऱ्यात रात्रीपुरता तंबू लावू का? सकाळी लवकर निघेन."

मी म्हटले, "तंबू कशाला, बाळा? सभामंडप मोकळा आहे. सतरंजी देववितो."

"नको महाराज. जागा दिलीत एवढं पुरे."

घरून भाकरी मागवितो म्हटले. कळण्याची भाकरी आणि भरीत. चातुर्मासातली वांग्याची बंदी सुटलेली, तेव्हा घरी ते झालेच होते. "नको, माझ्याजवळ आहे." बरे, चहा तरी? "नको." पाणी मात्र त्याने नळावर जाऊन स्वतः भरून घेतले. हे तीन नकार फार नम्रतेने दिलेले होते. पण खरे सांगायचे तर मला ते लागले. दारी आलेला माणूस घरचे न खाता निजला तर खानदेशातल्या बाईला झोप येत नाही. त्या रात्री ती मलाही आली नाही.

तंबू उभा करायला त्याला दहा मिनिटे लागली. दोन लवचीक काड्या, एक कापड, चार खुंट्या. आषाढीच्या वाटेवर आमच्या दिंडीची राहुटी उभारायला सहा माणसे खपतात आणि सात माणसे सूचना करतात. ते आठवून मला हसू आले. मग त्याने इवलीशी शेगडी पेटवून खिचडी केली, भांडे धुतले, आणि आमच्याजवळ येऊन बसला.

दिवस कसा गेला म्हणून विचारले. साक्रीच्या बाजूने तो अंधारातच निघाला होता. नेर, कुसुंबे करीत धुळे. धुळे सोडले की फागणे, मुकटी, पारोळा, आणि मग आमचे गाव. शंभर किलोमीटरांच्या वर वाट एकट्याने तुडविली. सुरत-नागपूर हमरस्ता आम्ही अजून सहा नंबरचा म्हणतो. सरकारदरबारी त्याचा नंबर आता त्रेपन्न आहे. रस्ता चौपदरी करताना कडेची जुनी झाडे पुष्कळ गेली, म्हणून दुपारी सावलीसाठी त्याला बरेच लांब जावे लागले. मार्गशीर्ष असला तरी आमच्याकडचे दुपारचे ऊन ते ऊनच. एका निंबाखाली तासभर टेकला, गूळ-शेंगदाणे खाल्ले. ट्रक जवळून गेला की वाऱ्याने सायकल कडेला लोटली जाते, तेव्हा हात घट्ट धरावे लागतात. पंक्चर एकदा झाले, ते त्यानेच काढले. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चालली होती. एका बाईने हाक मारून पाणी देऊ केले, तेही त्याने घेतले नाही.

"दिवसभर मनात काय चालते रे?" मी विचारले.

"पहिले दोन तास पुष्कळ काही. मग नुसतं पायाखालचं. पुढचा चढ, पुढचं गाव."

जप करणाऱ्याचेही याहून वेगळे होत नाही, हे मी मनात म्हटले.

त्याने या लोकांतला एक नियमही सांगितला. 'ब्रेव्हे' म्हणून लांब पल्ल्याचे सायकलीचे उपक्रम असतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे. त्यात स्वारामागे मदतीची गाडी चालत नाही. ठरलेल्या ठाण्यांवर काय घेईल ते घेईल, मध्ये वाटेवर ज्याचे त्याने पाहावे. एकादशीसारखेच व्रत म्हणायचे! पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या मुलीने २०१८ साली, विशीत असताना, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीची फेरी केली, बहुतेक वाट एकटीने. स्पेनमध्ये सुरीच्या धाकाने तिला लुटले, कॅनडात अस्वल मागे लागले, रशियात बर्फात एकटीने तंबूत रात्री काढल्या. त्याच्याही आधी, १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. मी हे ऐकतच राहिलो. आमची सायकल म्हणजे दुधाचे कॅन आणि कीर्तनाची वीणा वाहण्याची. धरणगाव-कासोद्यापलीकडे ती कधी गेली नाही.

शेवटी मी विचारून टाकले, "बाळा, तुझी काही प्रतिज्ञा आहे का? कोणाचे काहीच घेत नाहीस तो?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी वडील गेले, महाराज. तेरा दिवस शेजारपाजारचे डबे येत होते. लोक चांगलेच होते. पण नंतर ते रिकामे डबे परत करत मी पंधरा दारं हिंडलो. प्रत्येक दारात बसवून घ्यायचे आणि पुन्हा तेच सगळं बोलायचे. एक डबा कोणाचा ते अजून कळलेलं नाही, घरात तसाच पडलाय. तेव्हापासून वाटतं, थोडे दिवस कोणाचं काही नको."

यावर काय बोलणार? कीर्तनात उत्तर देणे सोपे असते. श्रोता उलट बोलत नाही.

तो तंबूत गेला. कापडातून थोडा वेळ उजेड दिसत होता, मग तोही मालवला. मी पडल्या पडल्या विचार करीत राहिलो. एकट्याने जाण्याला आपल्या शास्त्रात आधार नाही असे नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात कुमारीचे कंकण आहे. पुष्कळ कंकणे वाजतात, दोन असली तरी एकमेकांवर आपटतात. हातात एकेकच उरले तेव्हा आवाज थांबला. म्हणून योग्याने एकटे विचरावे. हा दृष्टांत मी आजवर पुष्कळ वेळा सांगितला असेल. परंतु त्या रात्री गोष्टीचा आरंभ आठवला, जो सांगताना मी नेहमी पळवतो. ती मुलगी भात का कांडीत होती? घरची माणसे बाहेर गेलेली, तिला मागणी घालायला पाहुणे आलेले. त्यांना जेवू घालावे म्हणून ती आडोशाला बसून कांडीत होती, आणि घरातले दारिद्र्य पाहुण्यांना कळू नये म्हणून तिने कंकणे उतरविली. म्हणजे एकटे कंकण हा जो एकान्ताचा गुरू, तो मुळात पाहुण्यांच्या पानासाठी एकटा झाला!

बरे, याच अवधूताचा भ्रमरही गुरू आहे. तो फुला-फुलातून थोडे थोडे घेतो, फूल मोडत नाही. तसे मुनीने घरोघरी थोडे थोडे घ्यावे. तेव्हा एकटे राहणे एक आणि न घेणे दुसरे. माझ्या पाहुण्याने दोन्हींची गाठ मारली होती. आणि न घेणे पुरते साधते तरी कोठे? श्रुती म्हणते, जन्मतानाच तीन ऋणे डोक्यावर असतात. तो ज्या रस्त्याने आला तो त्याने बांधला नव्हता, निंब त्याने लावला नव्हता. पण हे त्याला त्या रात्री सांगणे निर्दयपणाचे झाले असते. ज्याच्या पाठीवर नुकतेच पंधरा घरांचे ओझे पडले, त्याला तीन ऋणे काय ऐकवायची?

आणखी एक गोष्ट आमच्या गावचीच. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असे एरंडोलची परंपरा मानते. लाक्षागृहातून सुटून पांडव कुंतीसह एका ब्राह्मणाच्या घरी राहिले, ते भिक्षेवर. आणलेल्या भिक्षेतला अर्धा वाटा एकट्या भीमाला. म्हणजे जो सर्वांत बळकट तोच सर्वांत अधिक घेणारा! पुढे बकासुराची पाळी त्या ब्राह्मणावर आली तेव्हा कुंतीने भीमाला पाठविले. धर्मराज रागावला. तिने उत्तर दिले, त्याचा भाव असा: केलेला उपकार ज्याच्या ठायी वाया जात नाही तोच पुरुष, आणि दुसऱ्याने केले त्याहून अधिक आपण करावे. कुंतीने घेणे टाळले नाही. घेतले, मनात ठेवले, वेळ आली तेव्हा पोटचा मुलगा पुढे केला.

इथवर माझा सिद्धान्त छान जमत आला होता. उद्याच्या निरूपणाला विषय मिळाला म्हणून मी मनातल्या मनात टाळी घेत होतो. आणि तेवढ्यात सायकलीची साखळी आठवली.

झाले होते असे की संध्याकाळी त्या मुलाने मंदिराच्या बोळात माझी जुनी सायकल पाहिली आणि म्हणाला, "साखळी कोरडी पडलीये महाराज, तेल घालून देऊ का? दोन मिनिटांचं काम." मी म्हटले होते, "नको, राहू दे." त्याचे तीन नकार मी मोजले. माझा एक मोजायचा राहिला.

आता ही जुनी जखम आहे, ती सांगितल्याशिवाय लेख खरा होणार नाही. लहानपणी आळंदीस शिकत असता आम्ही माधुकरी मागत असू. एका दाराशी मी उभा राहिलो, तो आतून आवाज आला, "आलं पहा ते, झाका भाकरी." मी दहा वर्षांचा होतो. त्या दिवशी इंद्रायणीचे पाणी पिऊन राहिलो आणि ठरवले की मोठेपणी कोणापुढे हात पसरायचा नाही. कीर्तनाचे पैसे घेऊ नयेत हा आपल्या संप्रदायाचा नियम. तो मी पाळला, जाण्यायेण्याचे भाडेही घेतले नाही, आणि लोकांनी त्याला निःस्पृहता म्हटले. मीही म्हणू दिले. त्यात संप्रदायाचा नियम किती आणि त्या झाकलेल्या भाकरीचा राग किती, हे माझे मला अजून निवडता आलेले नाही. त्या मुलाचा नकार दुःखातून आलेला आणि ताजा होता. माझा पन्नास वर्षांचा मुरलेला.

पहाटे काकड्याला तो उठून आला. टाळकरी कमी होते, एकाने त्याच्या हातात टाळ दिले. त्याला चाल येत नव्हती. पण सायकलवाल्याच्या पायात ठेका असतो, तो बरोबर हातात उतरला. आरती झाली. तंबू त्याने आधीच गुंडाळून ठेवला होता, जागा झाडून.

मी म्हटले, "बाळा, त्या साखळीला तेल घालतोस का?"

त्याने माझ्याकडे पाहिले, हसला, सायकल उलटी केली. दोन मिनिटे कसली, पाऊण तास गेला, ब्रेकही आवळले. हात काळे झाले, त्यावर आमच्या मंडळींनी पाणी घातले. रात्रीची हकीगत मी त्यांना सांगितली होती. त्यांनी भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. तो पुन्हा मागे सरला. त्या म्हणाल्या, "अरे, डबा नाही. जुन्या लुगड्याचं फडकं आहे. परत करायचं काही नाही."

त्याने ते घेतले आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवले. मग जळगावच्या दिशेने निघून गेला.

मंडळींचे म्हणणे, ते फडके परत येणार नाही आणि येऊही नये. म्हणूनच तर फडक्यात बांधले. मी कुंतीचा दाखला देतो. यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.