वरच्या बिऱ्हाडाची मोरी

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जेवायला जायचे, ही रीत यमराजाने घालून दिली असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेतला यम आपल्या ध्यानात राहतो, कारण त्याचे भय वाटते. पण ज्या बहिणीच्या घरी तो जेवला ती यमुना, म्हणजे एक नदी, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मीही विसरलो होतो. माझी थोरली बहीण पंढरपूरला असते. गेली पन्नासएक वर्षे मी भाऊबीजेला पुण्याहून तिच्याकडे जातो, ओवाळून घेतो, तबकात पाकीट ठेवतो आणि परत येतो. आम्हा बहीणभावांच्या मध्ये एक नदीही आहे हे आक्कानेच तीन दिवाळ्यांमागे माझ्या लक्षात आणून दिले, आणि तेही फारशा गोड शब्दांत नव्हे.

मी हंड्यातले पाणी घेऊ लागलो तशी ती म्हणाली, “ते नको, मशीनचं घे. हंड्यातलं वापरायचं आहे.”

“का गं, काय झालं त्याला?”

“त्याला काय व्हायचंय? तुमच्या पुण्याचंच आहे ते. तुमचं वापरून झालं, आता आमची पाळी.”

दाजी हसले. मीही हसलो, पण जिलबीचा घास काही नीट उतरला नाही.

भूगोल मला ठाऊक होता. मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एक होतात, मुळामुठा दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात साठते आणि तिथून सोडलेले पाणी पंढरपुरी चंद्रभागा होते. परीक्षेत हे लिहून मी गुणही मिळवले असतील. पण उजनी ११७ अब्ज घनफुटांचे धरण आहे, तिथे एवढ्या पाण्यात काय काय विरून जात असेल, अशी एक समजूत मनाच्या तळाशी होती. विरून जाणे हा शब्द आपण पापाला वापरतो तसाच सांडपाण्यालाही वापरतो, हे तेव्हा जाणवले नव्हते.

आमचे बालपण नदीकाठच्या एका वाड्यात गेले. वरच्या बिऱ्हाडाची मोरी गळे, आणि गळे ती नेमकी आमच्या तुळशीवृंदावनावर. त्यावरून माझ्या आईचे आणि वरच्या काकूंचे जे संवाद होत ते इथे देण्यासारखे नाहीत. पण एक गोष्ट खरी. त्या काकूंना रोज आमच्याच अंगणातून ये-जा करावी लागे, ओली तुळस त्यांच्या डोळ्यांसमोर असे, आणि अखेर एका पाडव्याला त्यांनी गवंडी आणला. मला तर वाटते, त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीइतकाच त्या एका जिन्यालाही याचा मान आहे. पुणे आणि पंढरपूर यांच्यामध्ये असा जिना नाही. वरच्या बिऱ्हाडाला खालची तुळस दिसत नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि वाडा गेला. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. पूरग्रस्त म्हणून आम्हाला सहकारनगरच्या बाजूला घर मिळाले, पुढे त्या घरांच्या जागी इमारत उभी राहिली, आणि आज त्या इमारतीत आम्ही ३२ बिऱ्हाडे राहतो. जवळून आंबील ओढा जातो. कात्रजच्या डोंगरात उगम, वाटेत नानासाहेब पेशव्यांनी बांधलेला तलाव, आणि शेवटी मुठा. शहरात याला सगळे नालाच म्हणतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याने माणसे, गुरे आणि मोटारी वाहून नेल्या तेव्हा मात्र दोन दिवस त्याला वर्तमानपत्रांतून ओढा म्हटले गेले.

आमच्या इमारतीत एक तरुण प्राध्यापिका राहते. आक्काच्या त्या बोलण्यानंतरच्या वर्षी ती आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या ओढ्याची प्रकृती तपासत होती. प्रकृती हा तिचाच शब्द. “काका, तुम्हीही चला, सकाळचं फिरणं होईल,” म्हणाली, म्हणून गेलो. आम्ही आधी वस्तीच्याही वर, डोंगरउतारावर गेलो. ओढ्यातले दगड मुलांनी उलटे केले. खाली बारीक किडे होते, पोटाच्या कडेला पिसांसारखे कल्ले असलेले. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तरच हे जगतात म्हणे. मग तिने एका बाटलीत पाणी भरून त्यात दोन औषधांचे थेंब सोडले. बाटलीत तपकिरी साका धरला. “हा तपकिरी रंग म्हणजे प्राणवायू,” ती म्हणाली.

मग आम्ही ओढ्याबरोबर उतरत आलो. सहकारनगरच्या खाली दगड उलटले तर तांबडे, दोऱ्यासारखे किडे. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच रक्तद्रव्य असते, त्यामुळे जिथे बाकी सगळे गुदमरतात तिथे हे तगून राहतात. बाटली भरली, थेंब सोडले. साका पांढराशुभ्र. आयुष्यभर आपण पांढरे म्हणजे निर्मळ असे शिकलो. इथे पांढरे म्हणजे त्या पाण्यात श्वास घेण्यापुरतेही काही उरलेले नव्हते.

आता जे सांगायचे ते सांगताना लेखणी अडखळते. त्या प्राध्यापिकेने पुढच्या रविवारी परिसरातल्या इमारतींच्या सांडपाण्याच्या चेंबरांत हिरवा रंग टाकून पाहायचे ठरवले. मैल्याच्या नळाला जोडलेले पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते, पावसाळी गटाराला जोडलेले सरळ ओढ्यात. आमच्या चेंबरात रंग टाकला आणि दहा मिनिटांनी ओढ्यात हिरवी रेघ उमटली. मुले चकित झाली. मी झालो नाही. कारण बारा वर्षांपूर्वी आमचा नळ तुंबला तेव्हा सोसायटीचा चिटणीस मीच होतो. रस्ता खणायला परवानगी हवी, खर्च मोठा. प्लंबर म्हणाला, “साहेब, तात्पुरतं पावसाळी लाइनला जोडून देतो.” मी मान डोलावली. मराठी भाषेतल्या ‘तात्पुरते’ या शब्दाइतका चिरंजीव शब्द दुसरा नसेल. त्या बारा वर्षांत मी नदीच्या दुर्दशेबद्दल संपादकांना पत्रे लिहिली, महानगरपालिकेविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या, एकदा भाषणही केले.

मी सभा बोलावली आणि सगळे कबूल केले. माझ्यावर कोणी रागावले नाही, हेच अधिक वाईट. गणिताचे एक निवृत्त शिक्षक आमच्यात आहेत, सज्जन आणि नेमके. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. १२० माणसे, माणशी १३५ लिटर, त्यातले चार-पंचमांश गटारात, म्हणजे रोज सुमारे १३,००० लिटर. शहराच्या एकूण मैल्याने भागले तेव्हा दशांशचिन्हानंतर चार शून्ये येऊन मग पहिला आकडा लागला. “व्यवहारात याला शून्यच म्हणतात,” ते म्हणाले. सभेला हायसे वाटले. खरे सांगायचे तर मलाही वाटले.

त्यांच्या गणितात चूक नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न मला कित्येक रात्री सुटेना. एका माणसाचा वाटा खरोखरच मोजण्याच्या पलीकडचा असेल, तर त्याचा दोष उरतो की नाही? काढून टाका आमची इमारत. आक्काच्या हंड्यात तिळमात्र फरक पडणार नाही. मग मी कशासाठी लाजायचे?

मला दोन गोष्टी सुचल्या. एक अगदी साधी. आमच्या नळाला दोन दिवस पाणी आले नाही तर हेच गणित आम्ही करत नाही. खडकवासल्यासह चार धरणांत मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी मावते; त्यात आमचा वाटा तर शून्याहूनही शून्य. पण तेव्हा आम्ही मोर्चा काढतो. घेताना आम्ही नागरिक असतो, टाकताना दशांश. दुसरी गोष्ट डोंगरावर उमगली. तिथे जो पाऊस पडतो त्याचा प्रत्येक थेंब या हिशेबाने शून्यच आहे, आणि खाली मुठा आहे. जितक्या जमिनीवरचे थेंब एकत्र येतात तितक्या जमिनीला पाणलोट म्हणतात, आणि त्या जमिनीवर आमची इमारतही आहे. शून्य म्हणून वगळायचे तर आधी पाऊस वगळावा लागेल, मग नदी.

उन्हाळ्यात तर ती वगळलेलीच असते. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले तेव्हापासून मुठेचे पाणी तिचे राहिले नाही. ते नळांत आणि कालव्यांत जाते, आणि मेमध्ये पुलावरून जी नदी दिसते ती बहुतांशी आपणच वापरून टाकलेली असते. जलपर्णी तिच्यावर फोफावते ती आपल्याच साबणावर आणि मैल्यावर. २०२२ साली तिचे काठ देखणे करण्याच्या योजनेची पायाभरणी झाली. देखणेपणाशी माझे वैर नाही. पण तुंबलेल्या मोरीपुढे रांगोळी काढणारी गृहिणी मी पाहिलेली नाही. आणि शुद्धीकरणाची केंद्रे कितीही बांधली, तरी आमच्यासारख्यांचे पाणी त्यांच्या नळात पडतच नसेल तर बिचारी केंद्रे काय करणार?

सभा तीनदा झाली. अखेर रस्ता खणून नळ जोडायचे ठरले. वर्गणी बिऱ्हाडामागे ९,००० रुपये. बाकी कोणी विकत घेऊ म्हटले तर मिळणार नाहीत अशी वाक्ये त्या सभांत ऐकली. गणिताच्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी पैसे भरले, “मत माझे कायम आहे,” असे बजावून.

गेल्या भाऊबीजेला पंढरपूरला गेलो. घर कार्तिकीच्या तयारीत होते. उतरायला येणाऱ्या वारकऱ्यांसाठी दाजी अंगणात पिंपे घासत बसले होते. आक्काने ओवाळले. पाकीट टाकण्याआधी मी तिला सगळे सांगितले. प्लंबर, तात्पुरते, हिरवी रेघ, सगळे. निरांजन हातात तसेच धरून तिने ऐकून घेतले.

“म्हणजे बारा वर्षं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि आता?”

“एकोणीस बिऱ्हाडांनी पैसे भरले आहेत. परवानगीचा अर्ज दिला आहे.”

तिने तबक खाली ठेवले, माझ्यापुढे पाट सरकवला आणि भाताची मूद वाढली. तूप घालता घालता म्हणाली, “आणि उरलेली तेरा?”