जास्वंदीवरचा उपरा

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके धरतात, पाने आकसतात, कळी उमलण्यापूर्वीच गळते आणि खालच्या पानांवर सांडलेल्या चिकट पाकावर काजळी चढते. गणपतीच्या फुलांसाठी अंगणात जास्वंद राखणाऱ्या इंदूरकरांना हा पिठ्या ढेकूण नव्याने ओळखून द्यावयास नको. त्याच्या जाती अनेक आहेत. त्यांपैकी पपईवरच्या जातीची भारतातील पहिली नोंद २००८ साली कोइमतूरला झाली. मूळची ती मेक्सिको व मध्य अमेरिकेची. दोन-तीन वर्षांत ती महाराष्ट्रात पोचली आणि पपईबरोबर तुती, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर बसली. अशा किडीला शास्त्रज्ञ ‘आक्रमक परकी प्रजाती’ म्हणतात. संज्ञा शास्त्राच्या सोयीची आहे, परंतु माळव्यातील आम्हां मराठी मंडळींना ती किंचित टोचते. अठराव्या शतकात होळकरांबरोबर नर्मदा ओलांडून आलेले आपले पूर्वजही येथे परकेच होते.

आणि पपई तरी कुठली? तीही अमेरिकेचीच. एकादशीच्या खिचडीकडेच पाहा ना! ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, ही चारही अमेरिकेतून आलेली. आपल्या उपासाला त्यांचे परकेपण कधी बाधले नाही. तेव्हा बाहेरून येणे हा दोष नव्हे. पिठ्या ढेकणाचा उपद्रव होतो तो तो एकटा आल्यामुळे. मायदेशी त्याच्या अंगात अंडी घालून त्याला आवरणारे इवलेसे मित्रकीटक असतात. रोपांबरोबर ढेकूण आला, ते मागे राहिले. पुढे २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटकसंस्थेने पोर्तो रिकोहून असे तीन मित्रकीटक आणविले. त्यांतील असेरोफॅगस पपायी हा झपाट्याने पसरला आणि पपईच्या बागा सावरल्या. परक्याला आवरावयास परकाच बोलवावा लागला.

याच इंदुरात, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेत, सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. कीड ही शत्रू नसून जमिनीची वा मशागतीची चूक दाखविणारी शिक्षिका आहे, असे त्यांचे मत होते. घरच्या, जुन्या किडींच्या बाबतीत ते आम्हांस बरेचसे पटते. परंतु नव्याने आलेली कीड उत्तम खत घातलेली बागही सोडत नाही. तेथे चूक मातीत शोधण्यापेक्षा आपल्या हातांच्या देवघेवीत शोधावी लागते.

नीतीचा प्रश्न उभा राहतो तो येथे. ‘झाड माझे, औषध माझे’ हे म्हणणे वरवर निर्दोष दिसते. पण पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचे कवच असते. विषारी फवाऱ्यातून तो पुष्कळदा वाचतो आणि उघड्या अंगाचा मित्रकीटक मरतो. भिंतीच्या अलीकडे विष मारणारा पलीकडच्या अंगणाचा राखणदारही मारीत असतो. उलट, ‘कोणाही जीवाला मारू नये’ म्हणून स्वस्थ बसणाराही निर्दोष नाही. त्याच्या झाडावरची पिल्ले वाऱ्याने आणि मुंग्यांच्या साहाय्याने शेजारी जाऊन बसतातच. या दुसऱ्या अहिंसेत आम्हांस दयेपेक्षा आळस अधिक दिसतो. लागलेला शेंडा वेळीच कापणे, बाकीच्या फांद्या पाण्याच्या जोरदार धारेने धुणे, पाकासाठी झाडावर चढणाऱ्या आणि मित्रकीटकांना हुसकून लावणाऱ्या मुंग्यांची वाट अडविणे, हे कष्टाचे काम आहे. पण त्याने शेजाऱ्याचे नुकसान होत नाही.

सर्वांत अवघड आहे ती फांदी देण्याची रीत. आपल्या घरांतून जास्वंद विकत आणली गेली नाही. ती मागून आणली आणि मागेल त्याला दिली. कोणी वहिनी हौसेने फांदी मागावयास आल्या असता ‘नाही’ म्हणणे कृपणपणाचे वाटते, आणि तसे वाटावे हे आमच्या मते चांगलेच आहे. तरीही झाडावर एक जरी पांढरा ठिपका असेल, तर त्या दिवशी फांदी देऊ नये. कारण स्पष्ट सांगावे, झाड दाखवावे, आणि ते स्वच्छ झाल्यावर फांदी आपण होऊन त्यांच्या घरी पोचती करावी.